लेकीचं संशोधन

ही गेल्यापासून लेक रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते. ती ग्रहांवर संशोधन करते. माझे हाल कळले तर हातातलं काम टाकून इथे येऊन बसेल, म्हणून तिने विचारायच्या आधीच मी सांगून टाकतो, "मजेत आहे, जेवलोय, घर लख्ख आहे."

काल ती भलतीच खुशीत होती. सूर्यापासून फार लांबच्या एका इटुकल्या जगाभोवती त्यांना कडी सापडली होती.

"एवढ्या लांबची कडी दिसली कशी गं?"

"दिसली कुठे, बाबा? ते जग एका ताऱ्यासमोरून गेलं. मागचा तारा कधी आणि किती झाकला जातो, ते आम्ही बघत बसतो. त्यावरून पुढे काय आहे ते कळतं."

"म्हणजे न बघताच चोर पकडता की तुम्ही!"

"हो ना. बाबा, तुमच्या मागे भिंतीवर आईचा फोटो आहे. सोमवारी पूर्ण दिसत होता, काल हनुवटी झाकली होती, आज नुसतं कपाळ दिसतंय.

खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग तुम्ही धुताय, की मी येऊ?"