गार्लंडकाकाचं घर

दोर किनाऱ्यावर पडून होता आणि त्याला हात लावायला कुणी पुढे येत नव्हतं. ओंडक्यांवर चढवलेलं गार्लंडकाकाचं घर पाण्यापासून चार हातांवर अडलं होतं. भरती ओसरायला लागली होती.

बेटावरची बाकीची घरं अशीच ओढून, पाण्यावर तरंगवत पलीकडच्या किनाऱ्याला नेली होती. हे एकच उरलं होतं. त्यासाठी सगळं गाव होड्यांतून परत आलं होतं खरं, पण आता हाताची घडी घालून हेडलीकडे बघत होतं. ओढताना गाणं म्हणायचं ते हेडलीनं. त्यानं पहिली ओळ उचलल्याशिवाय या गावात कधी घर हललं नव्हतं.

हेडलीनं ओठ घट्ट मिटले होते. बेट सोडायचं तर झाडून सगळ्यांचं 'हो' हवं, असं सरकारनं बजावलं होतं. गुप्त मतदानात एकच 'नाही' निघालं आणि गाव आणखी एक हिवाळा अडकलं. त्याच हिवाळ्यात हेडलीचा धाकटा भाऊ विल्फ पोटदुखीनं तडफडून गेला. डॉक्टर पलीकडे आणि मध्ये बर्फ. त्यानंतरच्या मतदानात मात्र सगळ्यांचं 'हो' आलं. 'नाही' कुणाचं, हे शोधायची कुणाला गरजच वाटली नाही. मरेन पण बेट सोडणार नाही, असं गार्लंडच गावभर सांगत फिरायचा. तोंडावर विचारलं तेव्हाही म्हातारा गप्प बसला होता.

"काय काका, तुम्हाला जायचं नव्हतं ना?" हेडली ओरडला. "मग राहा की आता इथे एकटेच, बगळे मोजत!"

कुणीतरी हसलं. गार्लंड हेडलीच्या मागे कुणाकडे तरी बघत होता आणि 'नको, नको' अशी मान हलवत होता.

हेडली वळला. त्याची आई केझिया गर्दीतून पुढे आली, वाकली आणि तिनं दोर उचलला.

"गाणं म्हण, हेडली."

"आई, सोड तो दोर! यानं आपल्या विल्फचा जीव घेतला."

"त्यानं नाही रे." दोर तिनं सोडला नाही. "ते 'नाही' माझं होतं. आपला सेलबी मासे धरायला समुद्रात गेला तो परतलाच नाही, त्याचा देहही सापडला नाही. माझं थोरलं लेकरू परत आलं असतं, तर त्याला दार कुणी उघडलं असतं?"