दंडावरचा वण

शहाण्णव सालचा चैत्र. सांगलीत भर दुपारी दारावर थाप पडली.

"आवं बाई, लय लांबनं आलोय. गूळपाणी द्या."

लक्ष्मीबाईंनी कडीला हात घातला आणि त्या थबकल्या. लहानपणी टोचलेल्या देवीच्या लशीचा दंडावरचा वण एकदम तापून टरारला होता. समोरच्या घराच्या खिडकीत शेजारीण शकुंतलाबाईही आपला दंड दाबून उभ्या होत्या.

लक्ष्मीबाईंनी दारातून कुणाला कधी तहानलेलं धाडलं नव्हतं. आज त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"न्हाई मिळायचं. माझं अंग तुला वळकतंय."

तेवढ्यात पंधरा वर्षांची नात तांब्या घेऊन आली. ती जन्मली तोवर देवीची लस बंद झाली होती.

बाहेरून हळूच आवाज आला, "तुमी सरा, बाई. जिच्या दंडावर वण न्हाई, तिला धाडा."