हिरवट की राखाडी

"अण्णा, हलू नका. तुम्ही उठलात की विकेट पडणार," म्हणत कर्णधाराने त्यांना हात धरून खाली बसवलं. जोडी जमली की बाहेर बसलेल्यांनी जागा सोडायची नाही, हा क्लबचा जुना नियम. तो अण्णांनीच घालून दिलेला. शनिवारची मॅच हातची गेली होती. आज रविवारची गेली तर लीगमधून बाहेर.

साडेतीन वाजले होते. घरी मेहुणी बायकोच्या साड्या आश्रमाला द्यायला बांधत होती. "सगळ्या ने," असं सकाळी अण्णाच म्हणाले होते. मैदानात बसल्यावर मात्र एक ठेवून घ्यावीशी वाटली, म्हणून त्यांनी मघाशी फोन केला होता.

"कुठली, दाजी? रंग सांगा."

अण्णांना सांगता येईना. हिरवट होती की राखाडी? दोरीवर वाळताना शेकडो वेळा पाहिलेली. समोर आली असती तर लगेच ओळखली असती.

"मग चारच्या आत या. गाडी येतेय."

आता ते पुन्हा उठू लागले. "घरी जायला हवं रे."

"घरी कोण वाट बघतंय, अण्णा? दहाच ओव्हर राहिल्यात." कर्णधाराने जीभ चावली, पण हात सोडला नाही.

अण्णा बसले. चौकाराला टाळ्याही वाजवल्या. सव्वाचारला विजयी धाव निघाली आणि पोरांनी त्यांनाच खांद्यावर उचललं.

"खाली उतरवा रे," ते म्हणत राहिले. म्हातारा लाजतोय असं समजून पोरांनी त्यांना मैदानाभोवती आणखी एक फेरी मारून आणलं.