गोगलगायीचा शिक्का

बाबांच्या रेखाटनांची खोली पाहायला आज शंभर माणसं आली नाहीत, तर ती बंद होणार होती. म्हणून कानाझावाच्या कलाग्रंथालयात मी शिक्क्यांचा खेळ ठेवला. चार टेबलं, चार शिक्के. भरलेलं कार्ड पेटीत टाकलं की चित्र भेट.

गर्दी छान जमली.

"मिओरी, पाचवं टेबल कुठं लपवलंस?" ग्रंथालयात नेहमी येणाऱ्या फुमिएआजी म्हणाल्या. "ही माझी शेजारीण कार्ड मिरवतेय बघ."

शेजारणीच्या कार्डावर पाचवा शिक्का होता, गोगलगायीचा. बाबा सगळीकडे उशिरा पोचत, म्हणून त्यांनी स्वतःसाठी तो कोरला होता. वसंतात मी तो लाकडी शिक्का त्यांच्यासोबतच दहनाला दिला.

पाच वाजता दार लावलं. नव्याण्णव माणसं आली होती. पेटीत कार्डं मात्र शंभर निघाली.

शेवटच्यावर फक्त गोगलगाय होती. शाई अजून ओली होती.