दहांतली सात घरं

“हे वाक्य मुळात कुणाचं?” सरांनी पेन्सिलचं टोक त्या ओळीवर टेकवलं.

ओळ साधी होती: दहांपैकी सात घरांत शेवटचा शब्द बाईचा असतो. घरातले निर्णय कोण घेतं, हा समोर बसलेल्या विद्यार्थिनीच्या प्रबंधाचा विषय, आणि तिसऱ्या प्रकरणाचा सगळा डोलारा या एका ओळीच्या जिवावर उभा होता. आज ती सरांच्या घरी आली होती; त्यांची सही मिळाली, तर प्रबंध वेळेत जाणार होता. नाही तर आणखी वर्षभर ‘अजून संपलं नाही का गं तुझं?’ हे ऐकत बसायचं.

“सापडलं मूळ, सर,” ती म्हणाली, पण हातातली झेरॉक्स पुढे केली नाही.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं शहाणी माणसं सांगतात. सरांना ते मुळीच मान्य नव्हतं. मुलं पाठीमागे त्यांना उगमसर म्हणत. कुणी कशाचाही हवाला दिला की ते विचारत, “आणि त्याला कुणी सांगितलं?” त्यांच्या या एका प्रश्नापायी तिने ग्रंथालयाच्या तळघरात अख्खा उन्हाळा धूळ खाल्ली होती. नव्या पुस्तकाने जुन्या पुस्तकाचा हवाला दिलेला, जुन्याने एका अहवालाचा, अहवालाने कुणाच्या तरी व्याख्यानाचा. सगळ्यांनी एकमेकांची री ओढलेली. घरं मोजायला म्हणून कुणी गेलेलंच नाही. शेवटी बंद पडलेल्या एका मासिकात ती ओळ सापडली, तेव्हा तिला रडू यायचंच बाकी होतं. मग तिने लेखकाचं नाव वाचलं आणि आनंद जागच्या जागी जिरला.

तिने झेरॉक्स पुढे सरकवली. “तुमचाच लेख आहे, सर.”

सरांनी चष्मा चढवला. चेहरा हळूहळू उजळत गेला. “म्हणजे इतकी वर्षं ही सगळी मंडळी माझ्याच विहिरीचं पाणी पितायत म्हण की.”

“हो. पण खाली तळटीपेत नुसतं ‘व्यक्तिगत संवाद’ एवढंच लिहिलंय. कुणाशी, ते नाही.”

सरांनी तळटीप वाचली. मग पुन्हा वाचली. सांगणाऱ्याचं नाव नसेल तर ओळ सरळ खोडायची, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. तिला त्यांची दया आली, आणि स्वतःची त्याहून जास्त.

“असेल कुणीतरी जाणकार,” सर पुटपुटले.

“मी होते,” काकू म्हणाल्या. सरांच्या या पत्नी इतका वेळ खिडकीशी बसून मुकाट्याने मटार सोलत होत्या.

“तू?”

“जुन्या इमारतीत आपण धरून दहा घरं नव्हती का? तुम्हीच म्हणालात, बायका तुझ्याशी मोकळ्या बोलतात, तर जरा विचारून ये. मग आठवडाभर जिने चढले-उतरले. फ्रिज कुठला आणायचा, पोराला कुठल्या शाळेत घालायचं, नोकरी सोडायची की नाही, एकेकीला बाजूला घेऊन विचारलं, शेवटी ठरवलं कुणी?”

मुलीच्या जिवात जीव आला. लहानसं का असेना, सर्वेक्षण होतं. कुणीतरी खरंच दारोदार गेलं होतं.

“म्हणजे ही सात घरं तुम्ही स्वतः मोजलीत, काकू?”

“तीन.”

“अगं, सात आहेत,” सर म्हणाले. “हे बघ, इथे छापलंय.”

“छापलंत तुम्ही. मी तीन सांगितली होती. तुम्ही म्हणालात, तीन काही पटत नाहीत, बायका भिडेपोटी कमी सांगतात, आपल्याच घरात बघ ना, सगळं तुझ्याच मनासारखं चालतं. मी म्हटलं, अहो, विचारून आलेय मी. तोवर तुम्ही सात लिहून लेख पोस्टात टाकूनही आलात.”

मुलगी आपल्या कागदांकडे बघत राहिली. सात गेलं की तिसरं प्रकरण गेलं, आणि तिसरं गेलं की चौथ्याला उभं राहायला जागा नाही. काकू गप्प बसल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने पेन काढलं, सात खोडलं आणि वर तीन लिहिलं.

“सर, मी तीनच धरते. आधार म्हणून काकूंचं नाव देते. प्रकरण पुन्हा लिहावं लागेल, तर लिहीन.”

“घाई नको, घाई नको.” सरांनी कागद आपल्याकडे ओढून घेतला. “असं उभ्या उभ्या ठरवायची गोष्ट नाही ही. आज मी आणि ही शांतपणे बसतो, दोघं मिळून नीट विचार करतो, तीन ठेवायचं की सात. तू उद्या ये.”

काकूंनी मटाराची सालं गोळा केली आणि त्या उठल्या.

“उद्याचा हेलपाटा कशाला घालतेस?” त्या मुलीला म्हणाल्या. “सातच ठरलंय.”