पाणी रोज येतं

सर्व्हेअर वॉशिंग मशीनमागे गुडघ्यांवर बसून फुटका पाइप टॉर्चच्या उजेडात न्याहाळत होता. विमा कंपनीने पाठवलेला माणूस. हसण्याचे पैसे कापले जात असावेत असा चेहरा.

काल सासू-सुना दवाखान्यात गेल्या असताना मशीनला गच्चीवरच्या टाकीचं पाणी देणारा हा पाइप फुटला. त्या परत येईपर्यंत आतल्या खोलीची लाकडी जमीन फुगली होती आणि खालच्या मजल्यावरच्या शिंप्याचे कापडाचे तागे भिजले होते. सुनेने सकाळपासून पॉलिसी दोनदा वाचली होती. अचानक फुटलेल्या पाइपची भरपाई मिळते, हळूहळू झिरपलेल्या पाण्याची नाही.

ती कागद आणायला आत गेली. सर्व्हेअरने सासूबाईंना विचारलं, "आजी, पाणी कधीपासून येतंय?"

"कधीपासून म्हणजे? रोजच येतं."

पेन थांबलं. "रोज?"

"सकाळी सहाला. कधी साडेपाचलाच येतं, मग नुसती धांदल."

"आणि तुम्ही काहीच केलं नाही?"

"केलं नाही कसं? पिंप भरते, बादल्या भरते. ही उठते सातला!"

सर्व्हेअरने लिहिलं, 'रोज गळती'. कागद घेऊन आलेल्या सुनेने ते त्याच्या खांद्यावरून वाचलं.

"अहो आई, ते मशीनच्या गळतीचं विचारताहेत!"

"मग तसं विचारावं की. मी नळाचं सांगतेय. मशीनमधून कालच काय ते आलं, आणि घर बुडवून गेलं."

पुन्हा वाकून सर्व्हेअरने मशीनमागच्या भिंतीवरून बोट फिरवलं. बुरशी नव्हती, जुना डाग नव्हता. पाइपची चीर ताजी होती, जोडावर गंजाचा ठिपकाही नव्हता. त्याने लिहिलेली ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'अचानक'.

"भरपाई द्यावी, असंच कळवतोय. शिंप्याचे तागेही धरलेत," तो सुनेला म्हणाला. "नवा पाइप स्टीलच्या जाळीचा घ्या. आणि धुणं झालं की मशीनचा नळ बंद करत जा."

सुनेने नुसती मान हलवली.

दारात बूट घालता घालता तो सासूबाईंकडे वळला. "रोज येतं म्हणालात ना, आजी?"

"रोज."

"आमच्याकडे दिवसाआड."

जिन्यावरची पावलं खाली गेली. सून होती तिथेच, ओल्या जमिनीवर बसली. साडी भिजतेय हे तिला कळत होतं. तरी ती उठली नाही.