पहिल्या कलमातला शब्द

मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचा नवा मराठी अनुवाद करताना भोकरदनच्या महाविद्यालयातले प्राध्यापक सोमेश्वर पहिल्याच कलमातल्या एका शब्दापाशी तीन दिवस अडले होते. ‘प्रतिष्ठा’ लिहावे तर पाटीलकीचा दर्प येई. ‘सन्मान’ लिहावे तर शाल-श्रीफळ आठवे. अखेर, अठरा वर्षे त्यांच्या खोलीची फरशी पुसणाऱ्या, त्यांच्या आईच्या वयाच्या बाईंना त्यांनी विचारले,

“ए केशर, माणसाला माणूस म्हणून मान द्यायचा, त्याला तुम्हा लोकांत काय शब्द आहे गं?”

ते पेन सरसावून बसले. बाईंनी फडके पिळून बादलीच्या काठावर ठेवले.

“आमच्यात व्हय, सर? आमच्यात मला ‘केशरबाई’ म्हणतेत.”


शब्द सापडला होता. सरांना मान वर करवेना.